प्रकल्पाची पेरणीपूर्व मशागत : कीड सर्वेक्षणाच्या अनुभवातून काही धडे

२००८ च्या खरीप हंगामात विदर्भ आणि मराठवाड्यातील सोयाबीनवर तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीचा, म्हणजे स्पोडोप्टेरा लिटुराचा, आणि तिच्या जोडीने उंट अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. हिरव्यागार शिवारात पानांच्या केवळ शिरा शिल्लक राहिल्या. शासकीय अंदाजानुसार १४.६४ लाख हेक्टर क्षेत्र बाधित झाले आणि नुकसानीचा आकडा सुमारे १,३९२ कोटी रुपयांपर्यंत गेला.

ही कीड नवी नव्हती. तिचा जीवनक्रम ज्ञात होता, नियंत्रणाच्या शिफारशी उपलब्ध होत्या, कीटकनाशके बाजारात होती. उणीव होती ती वेळेवर मिळणाऱ्या माहितीची. कोणत्या गावात, कोणत्या आठवड्यात अळ्यांची संख्या धोक्याच्या पातळीकडे सरकत आहे, हे सांगणारी यंत्रणा नव्हती. या उणिवेतून २००९-१० मध्ये राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या साहाय्याने ‘पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प’, अर्थात क्रॉपसॅप, उभा राहिला. राज्याचा कृषी विभाग, कृषी विद्यापीठे आणि त्या वेळी दिल्लीच्या पुसा परिसरात असलेले राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्र यांनी तो संयुक्तपणे हाती घेतला. पुढे याच धर्तीची ई-कीड सर्वेक्षण पद्धती ओडिशासारख्या राज्यांतही पोहोचली.

नवा प्रकल्प हाती घेणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कृषी विज्ञान केंद्राचा विषयतज्ज्ञ असो, तालुक्याचा कृषी अधिकारी असो वा शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक असो, या प्रकल्पाच्या प्रारंभाकडे बारकाईने पाहावे. बहुतेक प्रकल्पांचे भवितव्य उद्घाटनाच्या फीत कापण्यापूर्वीच ठरलेले असते.

पहिला प्रश्न : कोणता निर्णय बदलायचा आहे?

प्रकल्प प्रस्तावातील उद्दिष्टे बहुधा व्यापक असतात. ‘शेतकऱ्यांमध्ये जागृती निर्माण करणे’, ‘उत्पादकता वाढविणे’, ‘तंत्रज्ञानाचा प्रसार करणे’ यांसारख्या वाक्यांवर कोणाचा आक्षेप नसतो. मात्र उद्या सकाळी नेमके काय करायचे, हेही त्यांतून उमगत नाही.

सोयाबीनच्या बाबतीत प्रश्न नेमका होता. या अळीची मादी पानावर पुंजक्याने काही शे अंडी घालते. तीन ते पाच दिवसांत बाहेर पडणाऱ्या अळ्या सुरुवातीला एकाच पानावर समूहाने राहून हरितद्रव्य खातात आणि पान जाळीदार होते. या अवस्थेत ते पान तोडून नष्ट केले, तरी शेकडो अळ्यांचा बंदोबस्त होतो. त्यानंतर अळ्या शेतभर विखुरतात, आकाराने वाढतात आणि कीटकनाशकांना पूर्वीइतकी दाद देत नाहीत. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती उपयोगाचे दिवस मोजकेच असतात. ‘फवारणी करायची की नाही, आणि करायची तर केव्हा’ हा निर्णय त्या मोजक्या दिवसांत घेता आला पाहिजे, एवढीच प्रकल्पाची खरी कसोटी होती.

कसोटी अशी नेमकी ठरली की बाकीची रचना तिच्यामागून येते. महिन्यातून एकदा होणारे सर्वेक्षण येथे निरुपयोगी ठरते, हे वेगळे सांगावे लागत नाही. सर्वेक्षणाची वारंवारिता किडीच्या जीवनक्रमावरून ठरवावी लागते. कार्यालयाच्या सोयीवरून ती ठरविली, तर अहवाल वेळेवर आणि सल्ला उशिरा अशी गत होते.

दुसरा प्रश्न : कोण काय करणार?

क्रॉपसॅपची साखळी लांब होती. कीड सर्वेक्षक शेतात जाऊन अळ्या मोजणार, नोंदी उपविभागीय स्तरावर संगणकात भरल्या जाणार, दिल्लीतील केंद्राने विकसित केलेल्या प्रणालीतून त्यांचे अहवाल तयार होणार, विद्यापीठांचे तज्ज्ञ त्यावरून सल्ला देणार, आणि तो सल्ला लघुसंदेश, फलक व कृषी सहायकांमार्फत शेतकऱ्यापर्यंत पोहोचणार. यातील एक कडी निसटली, तरी उरलेल्यांचे श्रम वाया जातात.

अशा रचनेत दोन गोष्टी हंगामापूर्वीच ठराव्या लागतात. पहिली म्हणजे नोंदीची समान पद्धत. अकोला, परभणी, राहुरी आणि दापोली या चार विद्यापीठांच्या कार्यक्षेत्रांतील आकडे एकमेकांशी ताडून पाहायचे, तर अळ्या झाडामागे मोजायच्या की ओळीच्या एका मीटरमध्ये, हे सर्वत्र सारखे असावे लागते. दुसरी म्हणजे आर्थिक नुकसानीच्या पातळीविषयी एकमत. ती पातळी ओलांडल्यावर सल्ला कोण देईल आणि किती दिवसांत देईल, हे लेखी असावे. हंगाम ऐन भरात असताना यावर चर्चा सुरू झाली, तर किडी बैठकीचा समारोप होईपर्यंत थांबत नाहीत.

सर्वेक्षकांचे प्रशिक्षण हा याचाच भाग आहे. उंट अळी आणि तंबाखूची पाने खाणारी अळी यांतील फरक चित्रफितीवर ओळखणे वेगळे आणि पावसात भिजलेल्या पानाच्या मागच्या बाजूला ओळखणे वेगळे. सर्वेक्षकाला शेतात उभे करून, त्याने मोजलेली संख्या तज्ज्ञाने त्याच ओळीत पुन्हा मोजून पाहणे, हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा सराव होय.

निवडक शेतांबरोबर अनपेक्षित शेतेही

क्रॉपसॅपच्या आराखड्यातील एक बाब प्रत्येक प्रकल्पप्रमुखाने उचलावी अशी आहे. सर्वेक्षणासाठी गावात काही शेते संपूर्ण हंगामाकरिता निश्चित केली जातात, आणि प्रत्येक भेटीत त्यांच्याबरोबर काही शेते नव्याने, यदृच्छया निवडली जातात. निश्चित शेतांमुळे किडीचा चढउतार आठवड्यागणिक दिसतो. पण ज्याच्या शेतात सर्वेक्षक वारंवार येतो, तो शेतकरी स्वाभाविकपणे अधिक सावध होतो. त्याचे शेत गावाचे प्रतिनिधी राहतेच असे नाही. यदृच्छया निवडलेली शेते ही त्रुटी उघड करतात.

आपल्या प्रात्यक्षिकांबाबत हा विचार क्वचितच होतो. रस्त्याकडेचे, ओलिताचे आणि उत्साही शेतकऱ्याचे शेत निवडले जाते. तेथील यश खरे असते. मात्र ते गावाचे यश असेलच असे नाही. प्रकल्पाच्या पहिल्याच आराखड्यात ‘आपली फसगत आपल्याला कशी कळेल’ याची तरतूद असावी.

एकक कोणते : शेत की गाव?

क्रॉपसॅपच्या एक दशक आधी नांदेड जिल्ह्यातील आष्टा या गावी याच केंद्राने कोरडवाहू कपाशीत एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा प्रकल्प राबविला. १९९८ चा तो काळ. अमेरिकन बोंड अळीने प्रचलित कीटकनाशकांना दाद देणे सोडले होते आणि फवारण्यांची संख्या वाढूनही बोंडे वाचत नव्हती. बीजप्रक्रिया, ट्रायकोग्रामा या परोपजीवी मित्रकीटकाचा वापर, ५ टक्के निंबोळी अर्क, घाटे अळीचा विषाणू असे घटक तेथे एकत्र आणले गेले. यांतील कोणताही घटक त्या दिवशी शोधलेला नव्हता. महत्त्वाचे ठरले ते एकक : सुटे शेत न घेता गाव घेतले गेले.

पतंगाला बांध नसतो. एका शेतकऱ्याने मित्रकीटक सोडावेत आणि शेजाऱ्याने त्याच आठवड्यात तीव्र कीटकनाशक फवारावे, तर दोघांच्याही पदरी काही पडत नाही. गाव हे एकक घ्यायचे म्हणजे पहिले काही आठवडे बैठकांतच जातात. हा वेळ वाया गेला असे अहवालात वाटते, परंतु पुढील दोन वर्षांचे काम त्यावरच उभे असते. याच आठवड्यांत पायाभूत नोंदी घ्याव्यात. शेतकरी किती वेळा फवारतो, कोणाच्या सल्ल्याने फवारतो, एकरी किती खर्च करतो, हे प्रकल्पापूर्वी लिहून ठेवले नाही, तर प्रकल्पानंतर ‘फवारण्या कमी झाल्या’ असे म्हणण्यास आधार उरत नाही.

दिनदर्शिका उलट मोजावी

दिल्लीच्या परिसरात, उत्तर प्रदेशातील गौतमबुद्धनगर जिल्ह्यातील बंबावड येथेही केंद्राने बासमती भातावर असेच गाव पातळीवरील काम केले. बासमतीच्या पुसा ११२१ या वाणाला बकाने रोगाचा मोठा धोका असतो. हा रोग बियाण्यातून येतो. रोपे उंच, पिवळी आणि किडकिडीत होऊन मरू लागतात तेव्हा उपायाची वेळ टळून गेलेली असते. त्यामुळे भातातील प्रकल्प रोवणीला सुरू करणे म्हणजे बैल गेला नि झोपा केला.

महाराष्ट्रात गुलाबी बोंड अळीचे उदाहरण अधिक जवळचे. एखाद्या गावाने पुढील खरिपासाठी सामूहिक प्रकल्प आखावयाचा ठरविला, तर त्याचा आरंभ केव्हा होतो? कामगंध सापळे पेरणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी लागतात. सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी ८ पतंग आढळले की उपायांची वेळ येते. त्याच्या आधी जून महिना येतो, कारण हंगामपूर्व लागवड टाळायची आहे. त्याच्याही आधी उन्हाळ्यात जिनिंग परिसरातील सापळे, आणि त्याआधी डिसेंबरअखेर फरदड न घेता पीक संपविणे व पऱ्हाट्यांची विल्हेवाट. असे उलट मोजत गेल्यास खरिपाचा प्रकल्प आदल्या डिसेंबरात सुरू होतो. जुलैमध्ये निधी आला म्हणून जुलैमध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाने अर्धी लढाई आधीच गमावलेली असते. निधी उशिरा येणार हे दिसत असेल, तर बिनखर्चाची कामे आधी उरकावीत. पऱ्हाट्या काढण्याचा ग्रामसभेचा ठराव अनुदानाची वाट पाहत नाही.

चौकटीबाहेर काय राहिले?

प्रारंभी आखलेली चौकट प्रकल्पाला बळ देते आणि त्याची दृष्टीही मर्यादित करते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा मृत्यू झाला. राज्यातील कीड सर्वेक्षणाची यंत्रणा तेव्हा आठ वर्षे जुनी होती. कोणती कीड वाढत आहे, हे ती सांगू शकत होती. मात्र सल्ल्याचा संदेश आणि फवारणी करणाऱ्याचा श्वास यांच्यामध्ये बरेच काही घडत असते : दुकानदाराने सुचविलेली मिश्रणे, माणसाच्या उंचीला आलेली कपाशी, संरक्षक कपड्यांचा अभाव, आणि पंप पाठीवर घेणारा, ज्याच्या भ्रमणध्वनीवर कोणताही सल्ला येत नाही असा मजूर.

सर्वेक्षणाचा प्रकल्प या सर्वांची जबाबदारी घेऊ शकत नाही, हे खरे. परंतु ‘आपल्या सल्ल्यानंतर शेतात प्रत्यक्ष कोण काय करील’ हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारता येतो. शेतकऱ्याबरोबर फवारणी करणाऱ्या मजुराला प्रशिक्षणाला बोलाविणे, ही त्या प्रश्नातून निघणारी साधी कृती आहे. पुढे क्रॉपसॅपला शेतीशाळांची जोड मिळाली. संदेश पोहोचणे आणि तो समजून अमलात येणे यांतील अंतर समोरासमोरच्या शिक्षणानेच कमी होते.

प्रारंभापूर्वीची पडताळणी

नव्या प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीत पुढील प्रश्नांची उत्तरे एका पानावर लिहावीत.

१. शेतकऱ्याचा कोणता एक निर्णय या प्रकल्पामुळे बदलणार आहे, आणि तो घेण्यासाठी त्याच्या हाती किती दिवस असतात?
२. नोंद कोण घेणार, सल्ला कोण देणार, आणि दोघांपैकी एक अनुपस्थित असल्यास त्याचे काम कोण करणार?
३. मोजण्याची पद्धत आणि नुकसानीची पातळी सर्व सहभागी संस्थांना मान्य आहे काय?
४. आजची स्थिती आकड्यांत लिहून ठेवली आहे काय?
५. पिकाच्या दिनदर्शिकेवरून उलट मोजता पहिले काम कोणत्या महिन्यात येते?
६. प्रकल्पाच्या सल्ल्यामुळे कोणाला अपाय होण्याचा संभव आहे काय, आणि तो मनुष्य या बैठकीत आहे काय?

सहाव्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘नाही’ असे येईल. तसे आल्यास बैठक संपविण्यापूर्वी त्या माणसाला निरोप धाडावा आणि पुढील बैठकीची वेळ त्याची मजुरी बुडणार नाही अशी ठेवावी.