पॉलिथिनला पॉलिथिनच जोडतं

अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला उन्हाळ्यात पाणी ओसरलं, की जलाशयाचा काठ आत आत सरकतो आणि खडकाळ उतार उघडा पडतो. प्रवरेवरचं इथलं विल्सन धरण 1926 साली पुरं झालं. काठचा खडक मात्र सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, काळा टणक बसाल्ट. हल्ली या काठावर तंबूंच्या मुक्कामाबरोबर प्लॅस्टिकच्या कयाकही दिसतात. एकट्या माणसाला अशी होडी उचलणं जड जातं, म्हणून तो पुढचं टोक हातात धरतो आणि मागचं टोक दगडांवरून फरफटत नेतो. दर खेपेला तळाची बारीक साल निघते. प्लॅस्टिक झिजत झिजत कागदासारखं पातळ होतं आणि एके दिवशी मागच्या टोकाखाली भोक पडतं.

मग सुरू होतात घरगुती उपाय. झटपट चिकटणारा गोंद, एम-सील, पंक्चरचं सोल्युशन, जे हाताशी असेल ते. वाळेपर्यंत सगळं ठीक वाटतं. पुढे कधीतरी ठिगळाच्या कडेला नख घातलं, की अख्खी वडी सुटून हातात येते. खालचं प्लॅस्टिक कोरं करकरीत, गोंदाचा मागमूस नाही. गच्चीवरची पाण्याची टाकी ज्यांनी अशी बुजवून पाहिली आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही. कारण टाकी आणि कयाक बहुधा एकाच पदार्थाच्या असतात, पॉलिथिनच्या. दोन्ही घडवण्याची रीतही एकच. साच्यात पॉलिथिनची भुकटी घालतात, साचा भट्टीत दोन अक्षांवर फिरवत ठेवतात, भुकटी वितळून आतून सगळीकडे सारखी बसते आणि थंड झाल्यावर बिनसांध्याची पोकळ वस्तू बाहेर येते.

पॉलिथिनला गोंद का धरत नाही? या पदार्थात दोनच मूलद्रव्यं आहेत, कार्बन आणि हायड्रोजन. कार्बनचे हजारो अणू एकापुढे एक जोडलेले आणि त्यांच्या अंगाला हायड्रोजन. गोंद चिकटतो तो समोरच्या पृष्ठभागावर नीट पसरून आणि तिथल्या रेणूंना धरून. लाकडाला, कागदाला, धातूला अशी धरायची ठिकाणं असतात. पॉलिथिनच्या साखळीवर विद्युतभार जवळजवळ समसमान वाटलेला असतो, त्यामुळे धरायला काहीच सापडत नाही. त्याच्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो पसरत नाही, गोळा होऊन बसतो. गोंदाची गतही तीच. बोटाची कातडी क्षणात चिकटवणाऱ्या सायनोॲक्रिलेट गोंदाची बाटली बहुधा पॉलिथिनचीच असते, ती याचसाठी!

या हट्टी पदार्थाचा जन्म अपघाताने झाला. मार्च 1933 मध्ये इंग्लंडातल्या विनिंग्टन इथे आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन इथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन पाहत होते. त्यांना हवं होतं वेगळंच, पण भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला. तो पुन्हा हुकमी बनवता येईना. डिसेंबर 1935 मध्ये जमलं, तेव्हा उपकरणातून वायू गळत होता आणि दाब टिकवायला आणखी इथिलीन सोडावा लागला होता. त्या वाढीव वायूत योगायोगाने ऑक्सिजनचा अंश होता आणि त्यानेच अभिक्रियेला चालना दिली. पॉलिथिनच्या जन्मकथेतच अशी एक गळती आहे. पुढे 1953 मध्ये जर्मनीत कार्ल त्सिग्लर यांनी कमी दाबावर अधिक घट्ट, टणक पॉलिथिन बनवण्याची वाट शोधली. आपल्या शेतातला काळा एचडीपीई पाइप त्याच वाटेवरचा. या कामासाठी त्सिग्लर आणि इटलीचे जुलिओ नात्ता यांना 1963 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

‘मेणासारखा’ म्हटलं, ते दिसण्यापुरतं नाही. मेणबत्तीचं पॅराफिन मेण आणि पॉलिथिन खरोखर एकाच घराण्यातले. मेणाच्या साखळीत कार्बनचे वीस-चाळीस अणू, पॉलिथिनच्या साखळीत हजारो. मेण नखाने खरवडतं आणि कयाक दगडावर आपटूनही सहसा फुटत नाही, हा सगळा फरक लांबीचा आहे. लांब साखळ्या एकमेकींत गुंततात, आणि हा गुंता हीच पॉलिथिनची ताकद.

दुरुस्तीचं गुपितही याच गुंत्यात आहे. पॉलिथिनच्या काही साखळ्या ओळीने रचून घट्ट स्फटिक बनवतात. कयाकच्या जातीचं पॉलिथिन साधारण 125 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं, की हे स्फटिक वितळतात आणि साखळ्या मोकळ्या होतात. अशा वेळी वितळलेला एक पृष्ठभाग वितळलेल्या दुसऱ्याला टेकवला, तर इकडच्या साखळ्या तिकडे शिरतात. इतक्या दाटीत लांब साखळीला आडवं हलायला वावच नसतो, म्हणून ती सापासारखी स्वतःच्या लांबीच्या दिशेने, शेजारणींमधून वाट काढत सरपटते. हे चित्र फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी 1971 मध्ये मांडलं. मऊ पदार्थांवरच्या त्यांच्या अशा कामाला 1991 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. साखळ्या सीमा ओलांडून गुंतल्या, वर थंडावा आला, पुन्हा स्फटिक बनले, की दोन तुकड्यांमधली सीमाच उरत नाही. तिथे चिकटवलेलं काही नसतं, प्लॅस्टिक एकसंध झालेलं असतं.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. भोकाच्या कडेला चीर गेली असेल, तर आधी तिच्या टोकाशी ड्रिलने छोटं गोल छिद्र पाडतात. चिरेच्या अणकुचीदार टोकाशी सगळा ताण एकवटतो. गोल छिद्राने तो विभागला जातो आणि चीर पुढे धावत नाही. मग कडा इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात तासतात आणि भोवतालची उन्हाने निबर झालेली वरची साल ब्लेडने खरवडून आतलं ताजं प्लॅस्टिक उघडं करतात. ओल आणि तेलकटपणा पार पुसून काढतात. हॉट एअर गनने मूळ प्लॅस्टिक आणि त्याच जातीच्या प्लॅस्टिकची पट्टी, दोन्ही एकदम तापवतात. इथे नजर ठेवायची ती चमकेवर. निस्तेज पृष्ठभाग एकाएकी ओला झाल्यासारखा चकाकतो, म्हणजे स्फटिक वितळले. रंग न घातलेलं पॉलिथिन असेल तर दृश्य आणखी सुंदर. दुधी पट्टी वितळताना काचेसारखी पारदर्शक होते आणि निवताना पुन्हा दुधी. प्रकाश विखुरणारे स्फटिक गेले आणि परत आले, ते नुसत्या डोळ्यांना दिसतं. त्या चमकेच्या क्षणी पट्टी दाबत दाबत बसवायची. धूर निघाला, तर साखळ्या जळून तुटू लागल्या असं समजावं. मोठं भोक असेल तर आत स्टीलची बारीक जाळी बसवून वर प्लॅस्टिक चढवतात.

आपल्याकडे ही विद्या नवी नाही, फक्त ती होडीच्या नावाने ओळखली जात नाही. शेततळ्याचा काळा कागद साधारण 500 मायक्रॉनचा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा. त्याचे पट्टे बांधावर उभं राहून मशीनने जोडतात, तेव्हा तापलेली पाचर दोन पट्ट्यांमधून सरकते आणि मागचे रोलर त्यांना दाबत जातात. अनेक मशीन एकाऐवजी दोन समांतर जोड घालतात आणि मधे बारीक पोकळी सोडतात. तिच्यात हवा भरायची. हवेचा दाब टिकला, तर जोड पक्का. खेकड्याने, उंदराने किंवा अणकुचीदार दगडाने कागद फाडला, तरी त्याच कागदाचं ठिगळ उष्णतेने बसवतात. एचडीपीई पाइपचे दोन तुकडे जोडतानाही आधी तोंडं ताशीव करून तापल्या प्लेटला टेकवतात आणि मग एकमेकांवर दाबून धरतात. जोडावर उठणारी गोल कडा म्हणजे पदार्थ खरंच वितळून एकत्र आल्याची खूण.

या उपायाला मर्यादाही आहेत. पॉलिप्रॉपिलीन दिसायला भावंडासारखं, पण ते सुमारे 160 अंशांना वितळतं आणि त्याच्या साखळ्या पॉलिथिनमध्ये नीट मिसळत नाहीत. त्याची पट्टी पॉलिथिनला धरत नाही. काही कयाक आडव्या बंधांनी साखळ्या कायमच्या जखडलेल्या पॉलिथिनच्या असतात. त्या तापवल्या तर मऊ होतात, पण वाहत नाहीत, म्हणून त्यांना वेल्डिंग चालत नाही. तिथे दुसरी युक्ती आहे. ज्योत पृष्ठभागावरून झरझर फिरवली, की वरच्या थरात ऑक्सिजन जोडला जातो, पाणी गोळा न होता पसरू लागतं आणि त्यासाठीचं खास इपॉक्सी पकड घेतं. रोजच्या दुधाच्या पिशवीवर छपाईची शाई टिकते, तीही अशाच युक्तीने. तिथे ज्योतीऐवजी विजेचा झोत वापरतात.

सगळ्यात मोठा शत्रू मात्र ऊन. अतिनील किरण साखळ्या मधेच तोडतात, आणि आखूड साखळ्यांना गुंतणं जमत नाही. फिकुटलेल्या, ठिसूळ झालेल्या कयाकवर किंवा टाकीवर वेल्डिंग टिकत नाही ते यामुळे. पाइप आणि शेततळ्याचा कागद काळा असतो, तो त्यातली काजळी ऊन अडवते म्हणून.

तेव्हा कयाक असो की टाकी, भोक पडलं म्हणून भंगारात काढू नका, आणि आधी गोंद फासून जागा खराबही करू नका. तासलेला बारीक तुकडा पाण्यात तरंगतो का ते पाहा. पीव्हीसी बुडतं, पॉलिथिन तरंगतं. मग तो तापवून पाहा. वितळून वाहिला, तर वेल्डिंगला आशा आहे. काम मोकळ्या हवेत करा, त्याच प्लॅस्टिकचा एखादा तुकडा जपून ठेवा आणि दुरुस्त झालेली होडी आधी लाइफ जॅकेट घालून काठालगतच्या उथळ पाण्यात तपासा. वापर नसेल तेव्हा ती सावलीत ठेवा. आणि दगडांवरून ओढू नका, दोघांनी उचलून न्या. बरीच भोकं मुळात पडणारच नाहीत.