इस्त्री तापत नाही? मल्टिमीटरच्या ‘बीप’वर लगेच विश्वास ठेवू नका

इस्त्री बंद पडली की फेकण्याआधी मल्टिमीटर लावून पाहा. प्लग सॉकेटमधून पूर्ण काढा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही. नॉब कमाल खुणेवर ठेवा. ‘ऑफ’वर असेल तर चांगली इस्त्रीही खराब वाटते.

आता प्लगच्या दोन बारीक पिनांना प्रोब लावा. इथेच बरेच जण फसतात. १००० वॉटच्या इस्त्रीचा रोध साधारण ५३ ओहम असतो आणि तेवढ्याला अनेक मीटर बीप देतच नाहीत. म्हणून २०० ओहमच्या रेंजवर आकडा बघा. ‘१’ किंवा ‘ओएल’ दिसलं, तर वायर, थर्मोस्टॅट, थर्मल फ्यूज किंवा कॉइल यांपैकी काहीतरी तुटलंय. आधी वायर हलवून पाहा, विशेषतः इस्त्रीजवळ वाकते तिथे.

इस्त्री तापत असली तरी एक चाचणी कराच. जाड पिन आणि तळाचा उघडा धातू यांच्यात बीप यायलाच हवी. नाही आली, तर अर्थिंग तुटलंय. इस्त्री तापेल, पण शॉकपासून संरक्षण नाही. बारीक पिन आणि तळ यांच्यात मात्र सर्वांत वरच्या रेंजवरही आकडा दिसता कामा नये (प्रोबच्या टोकांना बोटं लावू नका, शरीराचाच रोध दिसेल). दिसला, तर ती इस्त्री वापरू नका. नाही दिसला तरी इन्सुलेशनची पूर्ण खात्री होत नाही. त्यासाठी इलेक्ट्रिशियनकडचा मेगर लागतो.