शालेय समुपदेशक : शाळा आणि दवाखाना यांमधील दुवा

सकाळी शाळेच्या वेळी पोट दुखते म्हणून आणलेले दहा-बारा वर्षांचे मूल आपल्यापैकी प्रत्येक डॉक्टरने पाहिलेले आहे. तपासणीत काही आढळत नाही, रक्त-लघवीचे अहवाल व सोनोग्राफी निर्दोष येतात, आणि निघता निघता आई सांगते, "मे महिन्याच्या सुट्टीत मात्र एकदाही दुखलं नाही, डॉक्टर." अशा वेळी त्या मुलाला वर्गात कोणी छळते आहे काय, वाचताना त्याची अक्षरांशी झटापट होते काय, की घरात काही बिनसले आहे, हे शोधावे लागते. मूल दिवसाचे पाच-सहा तास जिथे घालवते, तिथेच हा शोध घेऊ शकणारी व्यक्ती म्हणजे शालेय समुपदेशक.

या पदाविषयी पालकांत आणि शाळांतही अद्याप बराच गोंधळ आहे. कुठे खोडकर मुलाला शिक्षा म्हणून समुपदेशकाकडे पाठवतात, तर कुठे रजेवरील शिक्षकाचा तास त्याच्या गळ्यात घालतात. "माझ्या मुलाला काय वेड लागले आहे?" असा प्रश्न पालक रागाने विचारतात, तो या गोंधळातूनच.

कामाचे तीन स्तर

समुपदेशकाचे काम तीन स्तरांवर चालते. पहिला स्तर सर्व विद्यार्थ्यांसाठी : भावना ओळखणे, नकार पचवणे, वयात येतानाचे बदल, व्यसने व मोबाइलचा वापर यांविषयी वर्गात मोकळा संवाद. दुसरा स्तर अडचणीत सापडलेल्या काहींसाठी : परीक्षेची भीती, घरातील मृत्यू किंवा विभक्त होणारे आई-वडील, अभ्यासातील अकस्मात घसरण. अध्ययन अक्षमतेची शंका प्रथम इथेच येते. 'दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६' मध्ये तिचा समावेश झाल्यामुळे वेळीच झालेली ओळख मुलाला शैक्षणिक सवलतींपर्यंत नेऊ शकते. तिसरा स्तर मोजक्या मुलांसाठी : तीव्र नैराश्य, स्वतःला इजा करणे, आत्महत्येचे विचार. इथे निदान व औषधोपचार हे मनोविकारतज्ज्ञाचे काम; धोका ओळखून विनाविलंब योग्य ठिकाणी पाठवणे आणि मूल शाळेत परतल्यावर त्याला सांभाळून घेणे हे समुपदेशकाचे.

शिक्षकच हे काम का करू नयेत?

हा प्रश्न व्यवस्थापन समित्यांच्या बैठकांत हमखास निघतो. त्याचे एक उत्तर आपल्या गोव्यातील 'संगत' या संस्थेच्या कार्यातून मिळाले आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील सत्तरहून अधिक शाळांत 'सेहर' हा प्रयोग करण्यात आला. काही शाळांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकाने, तर काहींत शाळेतीलच शिक्षकाने तोच कार्यक्रम राबवला. २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. समुपदेशक असलेल्या शाळांतील वातावरण सुधारले, दादागिरी व नैराश्याची लक्षणे घटली; शिक्षकांनी राबवलेल्या शाळांत तसा लाभ दिसला नाही. शिक्षकांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु अध्यापन, गुणदान आणि शिस्त यांचा भार वाहणाऱ्या व्यक्तीला या कामासाठी निराळा वेळ मिळणे कठीण असते, आणि जो गुण देतो त्याच्यापाशी मन मोकळे करणे मुलालाही अवघड जाते.

विश्वास आणि त्याची मर्यादा

मुलाने सांगितलेली गोष्ट शिक्षकांच्या खोलीत चर्चेचा विषय झाली, तर ते मूल पुन्हा त्या दारात येत नाही, आणि त्याचे मित्रही येत नाहीत. म्हणून गोपनीयता हा या कामाचा प्राण होय. मात्र जिवाला धोका असेल, तर ती बाजूला ठेवावीच लागते. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर 'पोक्सो' कायदा, २०१२ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे बंधन आपणा डॉक्टरांवरही तितकेच आहे. ही मर्यादा पहिल्याच भेटीत मुलाला समजेल अशा शब्दांत सांगणे, हा प्रामाणिकपणाचा भाग आहे.

आपला वाटा

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असणे आवश्यक आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संपर्कव्यवस्था ठेवायची आहे. गोव्यातील कित्येक मराठी प्राथमिक शाळांची पटसंख्या शंभराच्या आतच आहे. त्या गावांत बाहेरचा तज्ज्ञ म्हणून आधी आठवतो तो गावचा डॉक्टर.

म्हणून आपल्या सदस्यांना तीन गोष्टी करता येतील. वारंवार पोट वा डोके दुखणाऱ्या मुलाच्या केसपेपरवर 'शाळेत कसे चालले आहे?' या प्रश्नाचे उत्तर नोंदवावे. पालकांच्या संमतीने समुपदेशकाला दोन ओळींची चिठ्ठी लिहावी व त्याच्या चिठ्ठीला उत्तर द्यावे. आणि समुपदेशक नसलेल्या जवळच्या एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आपला, जवळच्या मनोविकारतज्ज्ञाचा आणि 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक लिहून द्यावा. या सेवेवर कोणत्याही वेळी विनामूल्य मदत मिळते. शाळेच्या सूचनाफलकावर एवढे तीन क्रमांक लागले, तरी अडचणीतील मुलाने कोणाकडे जावे, हा प्रश्न त्या गावापुरता निकाली निघेल.