आतड्याच्या खळग्यात

आमच्या उधवा गावात शौचातून रक्त पडलं की मूळव्याधच म्हणतात. बहुतेकदा ती असतेही. कॅन्सर निघाला तर मात्र घरचे त्या माणसाचं ताट वेगळं करतात, लागण होईल म्हणून. मी शाळेत विज्ञान शिकवतो. हे वेगळं ताट मला सहन होत नाही. हा आजार बाहेरून येत नाही. तो आपल्याच पेशींचा आहे.

आतड्याचं आतलं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. त्यात लाखो सूक्ष्म खळगे असतात आणि प्रत्येकाच्या तळाशी मोजक्या मूलपेशी, म्हणजे विभागून नव्या पेशी घडवणाऱ्या पेशी. २००७ साली नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने त्या एलजीआर-५ जनुकावरून ओळखल्या. या पेशींना ‘विंट’ नावाचा संदेश मिळाला की बीटा-कॅटेनिन हे प्रथिन केंद्रकात जातं आणि विभाजनाची जनुकं चालू करतं. संदेश थांबला की एपीसी हे प्रथिन इतरांच्या मदतीने बीटा-कॅटेनिनची विल्हेवाट लावतं. मोठ्या आतड्याच्या बहुसंख्य कॅन्सरमध्ये हे एपीसीचंच जनुक बिघडलेलं सापडतं. मग संदेश नसतानाही पेशी विभागत राहते. २००९ मध्ये क्लेव्हर्स यांच्याच गटाने उंदरांच्या आतड्यातल्या मूलपेशींतून एपीसी काढून टाकलं, तेव्हा गाठी झपाट्याने वाढल्या. मूलपेशीपण सरलेल्या पेशींतून काढलं, तेव्हा गाठी क्वचितच वाढल्या.

पुढचा धागा पुण्याचा आहे, आणि वर्गात तो सांगताना मला फार आनंद होतो. आयसर पुणे या विज्ञान संस्थेत तेव्हा असलेले संजीव गलांडे आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली सॅटबी-१ या प्रथिनाबद्दल लिहिलं. हे प्रथिन केंद्रकातल्या डीएनएची मांडणी सांभाळतं, त्यामुळे एकाच वेळी अनेक जनुकांवर त्याची सत्ता चालते. विंटचा जोर वाढला की सॅटबी-१ वाढतं, आणि ते वाढलं की उलट बीटा-कॅटेनिनलाच बळ मिळतं. दोघं एकमेकांना चढवत राहतात. आक्रमक कॅन्सरपेशींतलं सॅटबी-१ कमी केलं, तेव्हा गाठी करण्याची त्यांची ताकद घटली. हे प्रयोगशाळेतलं आहे. त्यावर औषधाची गोळी निघालेली नाही.

पण साध्या गाठीचा कॅन्सर व्हायला सहसा कित्येक वर्षं जातात, आणि तोवर दुर्बिणीच्या तपासणीत ती काढता येते. म्हणून रक्त पुन्हापुन्हा पडत असेल, शौचाची सवय बदलली असेल, वजन उतरत असेल, तर नुसत्या झाडपाल्यावर थांबू नका. तालुक्याच्या ठिकाणी, तलासरीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या आणि दुर्बिणीची तपासणी करून घ्या.