पाठ फिरवू नका, पाठीचीच गोष्ट आहे!

कंबर कसून वाचायला बसलात? उठा, उठा! निदान अर्धा लेख तरी उभ्याने वाचा. का, ते पुढे कळेलच.

आषाढ लागला की भंडारा जिल्ह्यात तुमसर-मोहाडीपासून पवनी-लाखांदूरपर्यंत एकच सीन. चिखलणी झालेली बांधी, घोटाभर पाणी, पऱ्ह्यांच्या पेंढ्या इकडे-तिकडे फेकलेल्या आणि एका ओळीत वाकलेल्या रोवणीच्या बाया. डाव्या हातात पेंढी. उजव्या चिमटीत दोन-तीन रोपं. चिखलात खुपसली की एक पाऊल मागे, आणि पुन्हा तेच. डोक्यावरून पाठीवर प्लास्टिकचा कागद, तोंडाने गप्पा नाहीतर गाणं. शहरातल्या जिममध्ये एवढं वाकायला पैसे मोजावे लागतात. इथे मजुरी मिळते!

माहीत आहे का, इतकं वाकल्यावर पाठीचे स्नायू काय करतात? काहीच नाही! १९५० च्या दशकात फ्लॉइड आणि सिल्व्हर या ब्रिटिश संशोधकांनी माणसांच्या पाठीला इलेक्ट्रोड लावून बघितलं. वाकायला लागलं की स्नायू जोरात कामाला लागतात, पण माणूस पूर्ण वाकला की थेट सायलेंट मोड. मग भार कुणावर? मणके बांधून ठेवणाऱ्या लिगामेंट्सवर आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर. स्नायू रजेवर, ओव्हरटाइम लिगामेंट्सना.

या ओव्हरटाइमचं बिल कॅनडाच्या स्टुअर्ट मॅकगिल यांनी १९९२ मध्ये मांडलं. २० मिनिटं पाठ पूर्ण वाकवून ठेवली की लिगामेंट्स जुन्या नाडीसारखी सैल पडतात. सरळ झाल्यावर दोन मिनिटांत सुधारणा होते ती जेमतेम निम्मी. अर्ध्या तासानंतरही थोडा ढिलेपणा उरतोच. रोवणीतली बाई २० मिनिटं नाही, दिवसभर वाकते. म्हणून फुकटची टिप: बांधीतून वर आल्या-आल्या पऱ्ह्यांचं ओझं उचलू नका. आधी चार मिनिटं उभ्या राहा, हलकेच मागे झुका, पाणी प्या. कापणीनंतर कडपा गोळा करून भारे बांधतानाही हाच नियम. मालकांनो, ही चार मिनिटं कामचुकारपणात धरायची नाहीत बरं का!

कंबरदुखीचा जागतिक स्कोअर ऐकलात? २०२० मध्ये ६१ कोटी ९० लाख माणसं! २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींवर जाईल, असा अंदाज. माणसाला सर्वाधिक वर्षं त्रासात काढायला लावणारी तक्रार कोणती, या स्पर्धेत कंबरदुखी जगात नंबर वन. आणि बायकांचा स्कोअर पुरुषांपेक्षा जास्त.

महाराष्ट्राचंही एक रेकॉर्ड आहे. १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या टीमने भिगवण गावात घरोघर जाऊन ४,००० हून जास्त प्रौढांना विचारलं, ‘काय दुखतंय?’ हाडं, सांधे, स्नायूंच्या तक्रारी सुमारे १८ टक्के लोकांना निघाल्या. असं सर्वेक्षण भंडाऱ्यात ऐन रोवणीत करायला हवं. उत्तर द्यायला बाई सरळ उभी राहिली, एवढाही फायदा पुष्कळ!

आता धक्का. कंबर दुखणाऱ्या दहांपैकी साधारण नऊ जणांत डॉक्टरांना ‘हेच ते कारण’ म्हणून बोट ठेवता येत नाही. आपण मात्र बोट ठेवतो. कुणी गॅसवर, कुणी थंडीवर, कुणी सुनेच्या स्वयंपाकावर.

मग एमआरआय कशासाठी असतो? भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध, तेव्हा इथेच एमआरआयचं पितळ उघडं पाडू. १९९४ मध्ये अमेरिकेत ९८ लोकांच्या कमरेचे एमआरआय काढले. अट एकच, पाठ अजिबात दुखत नसावी. निकाल? ५२ टक्के लोकांची एक तरी चकती फुगलेली! २०१५ मध्ये असे ३३ अभ्यास एकत्र करून पाहिले, तर न दुखणाऱ्या विशीतल्या पोरांपैकीही ३७ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या. ऐंशीच्या आजोबांत ९६ टक्के. थोडक्यात, रिपोर्टमधलं ‘डिजनरेशन’ हे बऱ्याचदा केस पिकण्याइतकंच साधं असतं, फक्त ऐकायला भयानक.

आणि ‘गादी सरकली’ म्हणून घाबरलात? चकतीचा तुकडा जितका जास्त बाहेर आलेला, तितकी तो आपोआप विरघळण्याची शक्यता जास्त! शरीर त्याला परका समजून फस्त करून टाकतं. घरातल्या चिवट पाहुण्यांवर हा उपाय चालत नाही, एवढंच दुःख.

फिनलंडच्या जुळ्यांचं माहीत आहे का? एक भाऊ आयुष्यभर ओझी उचलतो, दुसरा खुर्ची उबवतो. संशोधकांनी अशा जोड्यांचे कणे तपासले. चकत्यांच्या झिजेत कामापेक्षा वारशाचा वाटा मोठा निघाला. आजोबांकडून बांधी मिळो न मिळो, कणा मिळतोच.

उभं राहून दमलात? तुम्हाला उठवलं ते स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांच्या भरवशावर. १९६० च्या दशकात त्यांनी जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून दाब मोजला आणि जगाला सांगितलं, की उभं राहण्यापेक्षा बसण्यात दाब जास्त. झालं, खुर्ची व्हिलन ठरली. पण १९९९ मध्ये जर्मनीत हान्स-योआखिम विल्के यांनी एका निरोगी माणसाच्या चकतीत सेन्सर बसवून पूर्ण २४ तास नोंदी घेतल्या. पाठ टेकून सैल बसलं की दाब उभ्यापेक्षा कमी! आंधळगावात मागावर कोसा विणणारा असो की ऑफिसातला बाबू, प्रश्न बसण्याचा नसून बसूनच राहण्याचा आहे. तेव्हा बसा आता. ऐसपैस टेकून बसा.

त्याच प्रयोगात पाठ वाकवून २० किलो उचललं, तर दाब उभं असतानाच्या साडेचारपट झाला. आणि रात्री झोपेत? चकती पाणी शोषून घेते, दाब दुपटीहून वाढतो आणि सकाळी माणूस सेंटिमीटरभर उंच उठतो. लग्नासाठी उंची सांगायची असेल तर सकाळीच मोजा!

चकतीत पपई टोचली होती, हे ठाऊक आहे? १९५६ मध्ये लुईस थॉमस या अमेरिकी डॉक्टरांनी सशाला पपईतल्या पपेनचं इंजेक्शन दिलं आणि सशाचे ताठ कान लुळे पडून लोंबू लागले. कानातली कूर्चा मऊ पडली होती. त्यावरून हाडांचे डॉक्टर लायमन स्मिथ यांना सुचलं, मग सरकलेली चकतीही मऊ करू! पपईतल्याच कायमोपपेनचं इंजेक्शन १९८२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, हजारो कमरांत गेलं. पण काहींना जीवघेणी ॲलर्जी, काहींना मज्जारज्जूचं दुखणं. पुढे ते बाजारातूनच गेलं. (म्हणून परसातली पपई कमरेला चोळू नका. खा.)

आपल्याकडचा उपाय याहून सोपा. उसण भरली की पायाळू (जन्मताना आधी पाय बाहेर आलेला) माणूस शोधायचा, त्याचा पाय पाठीवरून फिरवून घ्यायचा, उसण पसार! रहस्य काय? नवी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय पायाळूच्या पायाला. पण हसू नका, कारण २०१६ मध्ये पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये जुन्या कंबरदुखीच्या रुग्णांना ‘या गोळ्यांत औषध नाही’ असं स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या, तरी तीन आठवड्यांत दुखणं सुमारे ३० टक्के कमी झालं!

खऱ्या गोळीची गंमत उलटी. ऑस्ट्रेलियात १,६०० हून जास्त लोकांवर पॅरासिटामॉलची चाचणी झाली. २०१४ चा निकाल: गोळी घेणारे १७ दिवसांत बरे, खोटी गोळी घेणारे १६ दिवसांत. फोटोफिनिश!

‘पंधरा दिवस पलंगावरून हलू नको’ म्हणणारी आजी आठवते? १९८६ मध्ये टेक्सासच्या रिचर्ड डेयो यांनी काहींना दोन दिवस, काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितलं. दोन दिवसवाल्यांच्या कामाच्या रजा ४५ टक्के कमी! १९९५ मध्ये हेलसिंकीत तर रोजची कामं जमतील तशी करणारेच सगळ्यात लवकर बरे झाले. सॉरी, आजी.

आणि फळीसारखा कडक बिछाना? स्पेनमधल्या ३१३ लोकांच्या चाचणीत मध्यम कडक गादी जिंकली.

बॉसवर चिडता का? विमानं बनवणाऱ्या बोईंगमधल्या ३,०२० कामगारांच्या अभ्यासात, ज्यांना आपलं काम फारसं आवडत नव्हतं त्यांनी पाठ दुखावल्याच्या तक्रारी अडीचपट केल्या. डोकं आणि कंबर एकाच वायरिंगवर आहेत.

आता कंबरदुखीची सर्वांत महागडी इनिंग्ज! ३१ जानेवारी १९९९, चेन्नई, समोर पाकिस्तान. सचिन तेंडुलकर पाठीच्या उबळी सोसत १३६ पर्यंत पोहोचला, बाद झाला आणि भारत १२ धावांनी हरला. अख्ख्या देशाची कंबर त्या दिवशी मोडली.

दुसरा मराठी मुलखातला स्कोअर मात्र जिंकलेला. पुण्यात संस्था उभारणाऱ्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीवर बेतलेला १२ वर्गांचा योग-कोर्स ब्रिटनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर तपासला. २०११ चा निकाल: नेहमीच्या उपचारांपेक्षा त्यांची हालचाल अधिक सुधारली. दुखणं मात्र फारसं हललं नाही. हे पोस्टरवर कुणी छापत नाही.

चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज पट्ट्यात किंवा साकोली-लाखनीच्या हायवेवर गाडी हाकता? बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला ४ ते ५ हादरे सर्वांत जास्त हलवतात आणि जड वाहनांच्या सीटवर नेमके असेच हादरे मिळतात. नागपूरच्या राष्ट्रीय खाण कामगार आरोग्य संस्थेच्या संशोधकांना देशातल्या खाणींत डंपर चालवणाऱ्यांच्या कमरा इतर कामगारांपेक्षा कितीतरी जास्त कुरकुरताना आढळल्या. सीटचं स्प्रिंग बदलणं ऑपरेशनपेक्षा स्वस्त पडतं!

सगळ्यात जुनी केस? इजिप्तचा साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा एडविन स्मिथ पपायरस. शेवटची, ४८ वी केस: मणक्याची लचक. वैद्य तपासतो, निदान करतो, रुग्णाला उताणं झोपवायला सांगतो, म्हणतो त्याच्यासाठी तयार कर... आणि तिथेच लिखाण थांबतं. अर्ध्या वाक्यात! इतिहासातला पहिला क्लिफहँगर.

ताजी बातमी २०२४ ची, ऑस्ट्रेलियातून. कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या ७०१ लोकांपैकी ज्यांना चालण्याचा नियमित कार्यक्रम दिला, त्यांचं दुखणं परतायला सरासरी २०८ दिवस लागले. बाकीच्यांचं ११२ दिवसांतच परतलं. खर्च? एक जोडी चप्पल.

आणि आता मस्करी बंद. कंबर दुखताना लघवी अडली किंवा कपड्यात झाली, बसण्याची जागा बधिर झाली, पायातलं बळ गेलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बारीक ताप, रात्रीचं दुखणं आणि वजनात घट असेल तर मणक्याचा टीबी तपासून घ्या, त्यावर औषधं आहेत. पडझडीनंतरच्या दुखण्यालाही थांबू नका. तिथे पायाळू नको, डॉक्टरच हवा.