मांजराचा प्रवास : पूर्वतयारी आणि दक्षता

कुत्रा माणसाला धरून राहतो आणि मांजर घराला धरून राहते, अशी एक जुनी समजूत आहे. ती पूर्णांशाने खरी नसली, तरी निराधारही नाही. मांजर ओळखीची जागा मुख्यतः गंधावरून जाणते. त्याच्या गालांवर व हनुवटीवर गंधग्रंथी असतात. दाराच्या चौकटीला किंवा धन्याच्या पायाला ते गाल घासते, तेव्हा तेथे स्वतःच्या गंधाची खूण ठेवीत असते. प्रवासाला निघताच या साऱ्या खुणा एकाएकी नाहीशा होतात. शिवाय मनुष्याला दर सेकंदास सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचाच ध्वनी ऐकू येतो. मांजराला ६० हजारांपलीकडचाही येतो. फलाटावरील गोंगाटाने भेदरलेले मांजर हातून निसटले, तर त्या अनोळखी जागी घराकडे नेणारी एकही खूण त्याला सापडत नाही. म्हणून बदलीच्या गावी निघणाऱ्या कुटुंबाने मांजराची तयारी काही आठवडे आधीच आरंभिली पाहिजे.

पिंजऱ्याशी परिचय

पुष्कळ घरी पिंजरा पशुवैद्याकडे जातानाच बाहेर काढला जातो. साहजिकच पिंजरा दिसताच मांजर दडून बसते. त्याऐवजी पिंजरा दार उघडे ठेवून नित्याच्या जागी मांडावा, आत मांजराचे जुने अंथरूण घालावे व तेथेच खाऊ द्यावा. ते आपण होऊन आत बसू लागले, म्हणजे दार क्षणभर लावावे; पुढे पिंजरा उचलून घरातच फिरवावा. या पद्धतीची परीक्षा व्हिएन्ना येथील पशुवैद्यक विद्यापीठात झाली असून तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. २२ मांजरांपैकी ११ मांजरांना २८ पाठ देण्यात आले. शिकविलेल्या मांजरांत मोटारीतील भीतीची लक्षणे इतरांपेक्षा कमी आढळली.

प्रकृती आणि कागदपत्रे

निघण्यापूर्वी पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी व रेबीजची लस दिल्याचा दाखला जवळ ठेवावा. रेल्वेचे आणि विमान कंपन्यांचे नियम वेळोवेळी बदलतात; तेव्हा तिकीट काढण्याआधीच ते विचारून घ्यावेत. भारतातून युरोपीय संघाच्या देशांत मांजर न्यावयाचे असल्यास प्रथम त्वचेखाली ओळखीची मायक्रोचिप बसवून लस द्यावी लागते. त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणीसाठी नमुना घेतात, आणि नमुना घेतल्यावर आणखी तीन महिने थांबावे लागते. अर्थात ही तयारी चार महिन्यांहून अधिक काळ आधी सुरू झाली पाहिजे.

वाटेतील काळजी

शरीराचा तोल सांभाळणारे इंद्रिय अंतःकर्णात असते. वाहनाच्या हेलकाव्यांनी ते क्षुब्ध झाले, की मांजराला मळमळते व ओकारी होते. म्हणून मोठ्या मांजराला निघण्यापूर्वी चार-सहा तास खाणे देऊ नये. पाणी मात्र तोडू नये. लहान पिलांना इतका वेळ उपाशी ठेवणे हानिकारक असते. माणसाला दिली जाणारी गुंगीची औषधे मांजराला कदापि देऊ नयेत. औषध पशुवैद्यानेच ठरवावे.

उन्हाळ्यात धोका अधिक असतो. मांजराला घाम मुख्यतः पंजांच्या तळव्यांनाच येतो. एरवी ते केस चाटून, लाळेच्या बाष्पीभवनाने शरीर थंड राखते. ते तोंड उघडे टाकून धापा टाकू लागले, तर ती संकटाची खूण समजावी. उभ्या, बंद मोटारीत त्याला थोडा वेळही एकटे सोडू नये. पिंजऱ्यावर पातळ कापड घातल्यास आडोसा मिळतो. मात्र हवेची वाट मोकळी राहिली पाहिजे. बसस्थानकावर किंवा फलाटावर पिंजऱ्याचे दार उघडू नये.

नव्या घरी

पोहोचल्यावर मांजराला प्रथम एकाच बंद खोलीत ठेवावे आणि जुने अंथरूण न धुता तेथे घालावे. त्यातील गंध हाच त्याचा पहिला आधार होय. काही दिवस अन्न न घेतल्यास मांजराच्या यकृतात चरबी साचून ते दगावण्याचा संभव असतो. यास्तव पूर्ण दिवस त्याने काहीच खाल्ले नाही, तर पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. नव्या भिंतींना ते गाल घासू लागले, म्हणजे त्या घराला त्याने आपले मानण्यास प्रारंभ केला, असे समजावे. त्यानंतरच इतर खोल्या एकेक करून मोकळ्या कराव्यात.