काजूचा रस, यीस्ट आणि ऊर्जेचा हिशेब

उन्हाळा सुरू झाला की गोव्यातील काजूच्या बागायतींत बोंडू तुडवून रस काढण्याची लगबग सुरू होते. हा रस भांड्यात ठेवला की काही दिवसांतच फसफसतो आणि त्याचा गोडवा ओसरतो. मग तो भट्टीवर चढतो. आधी हुर्राक उतरते, पुढे फेणी. माणूस रस काढतो आणि तापवतो. मद्य तयार करण्याचे काम मात्र यीस्टच्या सूक्ष्म पेशींचे.

त्या पेशींना मद्य नको असते, ऊर्जा हवी असते. साखरेत ऊर्जा भरपूर आहे, तरी बरणीतील साखर वर्षानुवर्षे तशीच राहते. कारण रेणू फुटण्यापूर्वी ऊर्जेचा एक उंबरठा ओलांडावा लागतो. चुलीत तो उष्णतेने ओलांडला जातो. पेशीला असा ताप सोसणारा नाही. तेथे विकरे, अर्थात एन्झाइम, उपयोगी पडतात. ही बहुतांशी प्रथिने असून ती रेणूला आपल्या खाचेत बसवून तो उंबरठाच खाली आणतात. विकर स्वतः ऊर्जा देत नाही आणि क्रियेत खर्चही होत नाही. जर्मन रसायनज्ञ एडुआर्ड बुखनर यांनी १८९७ मध्ये यीस्ट वाटून काढलेल्या, जिवंत पेशी नसलेल्या रसानेही साखर आंबते हे दाखवले. त्यासाठी त्यांना १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ग्लुकोजचा एक रेणू पायरीपायरीने फोडून यीस्टला एटीपीचे दोन रेणू मिळतात. एटीपी म्हणजे पेशीच्या व्यवहारातील सुटे पैसे. परंतु या व्यवहारात साखरेतून निघालेला हायड्रोजन वाहून नेण्यासाठी एनएडी नावाचा हमाल लागतो, आणि पेशीत असे हमाल मोजकेच. प्राणवायू नसेल तर त्यांच्या डोक्यावरचे ओझे उतरवायचे कोठे? यीस्ट ते असिटाल्डिहाइडवर टाकते. त्यातून जे बनते तेच मद्य. म्हणजे मद्य हे यीस्टचे उत्पादन नव्हे, ओझे टाकण्याची जागा आहे. दमछाक झालेल्या स्नायूंत याच कारणासाठी लॅक्टेट बनते.

हा सौदा मोठ्या तोट्याचा. प्राणवायूच्या साहाय्याने त्याच ग्लुकोजपासून सुमारे ३० एटीपी मिळू शकतात. आंबवण्यात साखरेतील नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा मद्यातच पडून राहते. कडक फेणी पेटते ती याच शिल्लक ऊर्जेमुळे.

माणसाने मद्य प्राशन केले की हिशेब उलटा फिरतो. यीस्टने वापरलेल्या विकराचाच भाईबंद यकृतात असतो, पण तो मद्यातून हायड्रोजन काढून घेतो. पुन्हा असिटाल्डिहाइड बनते, जे विषारी आहे. दुसरे विकर त्याचे असिटेट करते. या दोन्ही पायऱ्यांवर एनएडीच्या डोक्यावर ओझे चढते. यीस्टने उतरवलेला भार असा यकृताच्या वाट्याला येतो. रिकामे हमाल कमी पडले की मेद जाळण्याचे काम मंदावते आणि तो यकृतातच साठू लागतो. नवे ग्लुकोज तयार करण्याचे कामही रखडते. उपाशीपोटी भरपूर मद्य घेणाऱ्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, ती यामुळेच.